श्रीगाडगेबाबांचे संमार्जन

श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात, अकराव्या अध्यायात, भगवान श्रीकृष्ण उद्धवाला भक्तीचे मार्ग सांगत असता एक अगदी साधे काम सांगून जातात. देवाच्या मंदिराची झाडलोट, सारवण, सडा आणि रांगोळी ही कामे दासाप्रमाणे, मनात कपट न ठेवता करणे हीसुद्धा भक्तीच आहे, असा त्या स्थळाचा अभिप्राय. श्रीएकनाथमहाराजांनी याच स्कंधावर आपली मराठी टीका रचली, आणि आपल्या फडांतून, मठांतून तिची पारायणे नित्य चालतात. तथापि या जागी थांबून चिंतन करणारा श्रोता विरळा. पूजा आली, स्तुती आली, कथा आली की आपले लक्ष तिकडे धावते. केरसुणीचा उल्लेख कानाआड होतो. संस्कृतात झाडण्याला संमार्जन म्हणतात. मृज् या धातूचा अर्थ पुसून स्वच्छ करणे. मार्जन हा शब्द त्यातूनच निघाला, आणि आपल्या घरचे सडासंमार्जनही त्यातूनच. संध्येत अंगावर पाणी शिंपडतो त्या मार्जनाला आपण पवित्र मानतो, आणि रस्ता झाडणाऱ्याच्या मार्जनाकडे पाठ फिरवतो. धातू एकच आहे, बरं का मंडळी!

भागवतातला हा अभिप्राय ज्या सत्पुरुषाने एक्कावन्न वर्षे हातात खराटा धरून आचरून दाखवला, त्या श्रीगाडगेबाबांचे चरित्र या अंकी वाचकांच्या सेवेस सादर करीत आहोत. आम्ही राहतो बुलढाणा जिल्ह्यात. बाबांचा जन्म पलीकडच्या अमरावती जिल्ह्यातला. पण वऱ्हाड एकच, आणि पूर्णामाय एकच. शिवाय बाबांच्या कार्याचा एक धागा थेट आमच्या देऊळगाव राजा तालुक्यात येऊन पोहोचतो. तो कसा, ते पुढे ओघाने येईल.

अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी, आजच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यात, २३ फेब्रुवारी १८७६ रोजी परीट कुळात बाबांचा जन्म झाला. पाळण्यातले नाव डेबूजी. वडील झिंगराजी जाणोरकर, आई सखूबाई. बरोबर दोन वर्षांनी, २३ फेब्रुवारी १८७८ रोजी, आमच्या शेगावी श्रीगजाननमहाराज प्रकट झाले. तिथी-तारखांच्या अशा योगावर आम्ही सिद्धांत बांधत नाही, पण भाविकाच्या मनाला गोड वाटते म्हणून नोंदून ठेवतो. परटाच्या घरी जन्म म्हणजे दुसऱ्याचा मळ धुण्याचा वारसा. झिंगराजींना दारूने गिळले. संसार उघडा पडला आणि सखूबाई लहानग्या डेबूला घेऊन माहेरी, मुर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या गावी आल्या. तेथे आजोबा हंबीरराव आणि मामा चंद्रभान यांच्या आश्रयाने डेबूजी वाढला. शाळेचे तोंड पाहिले नाही. गुरे राखली, गोठा झाडला, नांगर धरला, रात्री भजनाच्या कडेला बसून टाळ धरला. अक्षर आले नाही, पण काम येईना असे एकही राहिले नाही.

मामांची जमीन कर्जाच्या कागदांत अडकली. अंगठा उठवणाऱ्याला कागदावर काय लिहिले आहे ते कळत नाही, आणि सावकाराला नेमके तेच हवे असते. त्या दुःखात मामा खचले. जमिनीचा ताबा घ्यायला सावकार शेतावर आला तेव्हा डेबूजी औत सोडून हलला नाही. ही हकीकत वऱ्हाडात जुनी माणसे अजून सांगतात. पुढे जन्मभर बाबांनी कीर्तनातून कर्ज काढून सण करू नका, मुलांना शिकवा, दारू सोडा, देवापुढे बकरे-कोंबडे मारू नका, असे जे पोटतिडिकीने सांगितले, त्याचे मूळ या दिवसांत आहे. १८९२ साली त्यांचे लग्न झाले. पत्नीचे नाव कुंताबाई. पहिल्या मुलीच्या बारशाला भाऊबंद मटण-दारूच्या जेवणाची वाट पाहत असता डेबूजींनी पानात गोडधोड वाढले. जातभाई रुसले, बोलले. ते मात्र ढळले नाहीत.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या जोडून केलेले पांघरूण, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, हाती काठी किंवा खराटा, आणि एक मातीचे फुटके गाडगे. त्याच गाडग्यात भिक्षेची भाकर घ्यायची, त्यातच पाणी प्यायचे, आणि ऊन लागले की तेच डोक्यावर पालथे घालायचे. त्या गाडग्यावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. त्यांनी मठ केला नाही, गादी केली नाही, मंत्र दिला नाही, पायावर डोके ठेवू दिले नाही. आपला कोणी शिष्य नाही आणि आपण कोणाचे गुरू नाही, असे ते स्पष्ट सांगत.

त्यांचा दिनक्रम असा. नव्या गावात शिरले की कोणाला काही न विचारता वेशीपासून झाडू लागायचे. चावडीपुढचा केर, देवळापुढची घाण, विहिरीभोवतीचा चिखल, बाजाराच्या जागेवरचा पाला हे सारे ओढून एका जागी करायचे. लोक वेडा म्हणून हसत. पोरे मागे लागत. बाबांचा हात चालूच. थोड्या वेळाने एखादा शहाणा गृहस्थ लाजून पुढे येई, मग दुसरा येई, आणि दुपारपर्यंत निम्मे गाव टोपल्या-फावडी घेऊन कामाला लागलेले असे. गाव झाडून झाले की मगच भाकर मागायची. रात्री त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तन. ना पेटी, ना तबला; टाळ नसले तर दोन दगड वाजवायचे. वऱ्हाडी बोलीत लोकांना प्रश्न विचारायचा, त्यांच्याच तोंडून उत्तर काढून घ्यायचे, आणि मध्ये मध्ये गोपाळनामाचा गजर. आम्ही नारदीय आणि वारकरी दोन्ही पद्धतींचे कीर्तन शिकलो. पूर्वरंग, उत्तररंग, दृष्टांत, सिद्धांत यांची मांडणी गुरुजींनी आमच्याकडून घोटून घेतली. बाबांच्या कीर्तनाचा पूर्वरंग मात्र खराट्याने होई आणि उत्तररंग वाणीने. पूर्वरंग आधीच सिद्ध असल्यामुळे उत्तररंगात त्यांना शास्त्राधार द्यावा लागत नसे.

अमरावती जिल्ह्यात पूर्णेच्या काठी ऋणमोचन हे क्षेत्र आहे. पौष महिन्यातल्या रविवारी तेथे यात्रा भरते. नदीचा काठ उताराचा आणि चिखलाचा. स्नानाला उतरणारी म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या बाया घसरून पडत, हातपाय मोडून घेत. हजारो यात्रेकरू दरवर्षी पडत आणि पडणे हे यात्रेचे अंग मानून घरी जात. बाबांनी ते मानले नाही. त्यांनी माती-दगड टाकून उतार चालण्याजोगा केला, आणि पुढे १९०८ च्या सुमारास तेथे पक्का घाट उभा राहिला. येथे एक मर्म पाहण्यासारखे आहे. स्वच्छता आणि सुरक्षितता यांच्यात बाबांनी भेद केला नाही. ज्या जागेवर माणसाचा पाय घसरतो ती जागा त्यांच्या लेखी अस्वच्छच होती, मग तेथे केराची काडी नसली तरी चालेल.

हीच पूर्णा पुढे वाहत अकोल्याकडून आमच्या जिल्ह्यात येते. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा, मलकापूर या भागांतून जाऊन ती चांगदेवाजवळ तापीला मिळते. चांगदेव आणि मुक्ताबाईंचे नाव घेतल्यावर वारकऱ्याला त्या संगमाची महती निराळी सांगायला नको. वरच्या गावाने नदीत काय टाकले ते खालच्या गावाला कळते. वरच्या काठावर कोणी झाडले, तर त्याचे पुण्यही वाहत खाली येते. गावाबाहेर टाकलेला केर कोणाच्या तरी गावात जातोच, हे नदीकाठच्या माणसाला पटवून द्यावे लागू नये.

१९२३ साली कोकणात खारेपाटणला बाबांचे कीर्तन चालू असता त्यांचा मुलगा गोविंदा गेल्याची वार्ता आली. बाबांनी कीर्तन थांबवले नाही. हा प्रसंग पुष्कळ कीर्तनकार रडवण्यासाठी रंगवून सांगतात. आम्हाला त्यात रंगवण्यासारखे काही वाटत नाही. समोर बसलेल्या माणसांचे काम आपल्या दुःखापेक्षा आधी आहे, असे ज्याने मनोमन ठरवून टाकले होते, त्याने त्या रात्री तेच केले, एवढेच.

आता पंढरपूर. बाबा पंढरीला नेहमी जात. लाखो भाविक दर्शनाच्या बारीत उभे असताना ते चंद्रभागेच्या वाळवंटात झाडत असत. देवळात न जाता वाळवंट झाडणाऱ्या या वारकऱ्याकडे पाहून त्या काळी काही कर्मठांनी नाके मुरडली. पण आपली संतपरंपराच सांगते की जनाबाई अंगण झाडू लागली तेव्हा केर भरायला प्रत्यक्ष चक्रपाणी आला. देव जर केर भरायला येत असेल, तर तो बारीच्या टोकाला भेटेल की वाळवंटात, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

पंढरीत आणखी एक गोष्ट बाबांना सलत होती. अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांना उतरायला जागा नव्हती. पावसात, चिखलात, उघड्यावर ते राहत. बाबांनी १९१७ साली तेथे धर्मशाळा उभी करण्याचे मनावर घेतले आणि तिला श्रीचोखोबारायांचे नाव दिले. आता आमच्या जिल्ह्याचा धागा येथे जुळतो. चोखोबारायांचे जन्मस्थान म्हणून परंपरा मानते ते मेहुणा राजा हे गाव बुलढाणा जिल्ह्यातच, देऊळगाव राजा तालुक्यात आहे. मेहुण्यात जन्मलेल्या त्या भक्ताच्या वाट्याला गावाची मेलेली गुरे ओढणे, घाण काढणे, वेठीची कामे करणे हेच आले. १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाच्या बांधकामावर राबत असताना भिंत कोसळली आणि चोखोबा इतर मजुरांसह तिच्याखाली गेले. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी शोधून आणल्या. ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या चोखोबांच्या, अशी कथा आहे. महाद्वारापुढे त्यांची समाधी बांधली गेली. आपण दरवर्षी त्या समाधीवर डोके ठेवतो. पण मंडळी, त्या ढिगाऱ्याखाली आणखीही मजूर होते. त्यांच्या अस्थी कोण शोधायला आले? चोखोबांचा मृत्यू हा कामावर मेलेल्या मजुराचा मृत्यू आहे, हे समाधीपुढे हात जोडताना ध्यानात ठेवले पाहिजे. बाबांनी ते ठेवले होते, असे आम्हाला वाटते. नाही तर हेच नाव त्यांनी धर्मशाळेला दिले नसते. पुढे १९४९ साली त्यांनी ही धर्मशाळा डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली.

नाशिक, देहू, आळंदी, मुर्तिजापूर अशा ठिकाणी धर्मशाळा झाल्या. १९५४ साली मुंबईस जे. जे. रुग्णालयाजवळ रोग्यांच्या नातेवाइकांसाठी निवारा झाला. या सर्व कामांची व्यवस्था राहावी म्हणून ८ फेब्रुवारी १९५२ रोजी गाडगेमहाराज मिशन स्थापन झाले. लक्षावधी रुपयांच्या इमारती उभ्या राहिल्या, पण बाबा कधी त्यांच्या आश्रयाला गेले नाहीत. भाकर शेवटपर्यंत गाडग्यातच घेतली. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात त्यांचे अखेरचे कीर्तन झाले. ६ डिसेंबरला डॉक्टर आंबेडकर गेले. त्यानंतर चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे नेत असता वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर बाबांनी देह ठेवला. अमरावतीस त्यांची समाधी आहे. सरकारने त्यांच्या नावाने २०००-०१ साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. ज्या विद्यापीठात आमच्या जिल्ह्याची मुले परीक्षा देतात त्या अमरावती विद्यापीठाला २००५ साली त्यांचे नाव मिळाले. अक्षरशत्रू परटाच्या पोराचे नाव पदवीच्या कागदावर आले, ही विठ्ठलाची लीला म्हणायची.

येथवर चरित्र झाले. आता त्यावर एक शंका निघते, आणि तिचे निरसन केल्याशिवाय ही सेवा पुरी होणार नाही. शंका अशी. बाबा उघड्या हातांनी झाडत, अनवाणी फिरत, तोंडाला फडके बांधत नसत. मग आज झाडणाऱ्याला हातमोजे कशाला, बूट कशाला, इंजेक्शन कशाला? सेवा म्हणून केले तर देव सांभाळतो. हा युक्तिवाद आम्ही यात्रांच्या बैठकांतून, सप्ताहाच्या पंचांकडून, शिकलेल्या माणसांच्या तोंडूनही ऐकला आहे. वरवर तो भक्तीचा दिसतो. आत पाहिले तर त्यात कपट आहे, आणि भागवताने सेवेला घातलेली अट नेमकी कपट नसावे हीच आहे.

पहिले उत्तर असे. बाबांनी कष्ट स्वतः होऊन घेतले. त्यांना कोणी जन्माने झाडूवाला ठरवले नव्हते, कोणी दिवसाच्या मजुरीवर लावले नव्हते, आणि नको वाटले तर खराटा टाकून जायला कोणी आडवे येत नव्हते. स्वतः घेतलेले कष्ट हे तप. दुसऱ्यावर लादलेले कष्ट ही वेठ. एकादशीला आपण उपवास करतो म्हणून मजुराला उपाशी ठेवणे हा धर्म होत नाही. तद्वत् संताच्या उघड्या हाताचा दाखला देऊन मजुराचा हात उघडा ठेवणे हाही धर्म होत नाही. संताचे वैराग्य आपण अंगी आणावे. ते दुसऱ्याच्या पगारातून कापून घेऊ नये.

दुसरे उत्तर केराचे आहे. बाबांच्या काळचा केर म्हणजे शेण, पाला, कडबा, राख, उष्टी पत्रावळ. तो हाताने उचलला तर हात धुऊन भागत असे. आजच्या केरात फुटक्या बाटल्या आहेत, ब्लेड आहेत, दवाखान्यातल्या सुया आहेत, कापडात न गुंडाळता टाकलेले पॅड आहेत, जुने सेल आणि फुटलेल्या नळकांड्या आहेत. आमच्या जिल्ह्यातल्या एका गावी सप्ताहाचा काला झाला. दुसऱ्या दिवशी मंडप झाडायला आलेल्या मावशींच्या तळहातात काच शिरली. पंगतीच्या पत्रावळींत कोणी तरी फुटका पेला टाकला होता. हात सुजला, पुढे चिघळला, आणि एक बोट कायमचे वाकडे राहिले. सात दिवस आम्ही त्या मंडपात जीवनात भूतदया कशी आणावी ते सांगितले होते. गावाने नंतर तिच्या औषधाचा खर्च केला, हे खरे. पण तो पेला वेगळा ठेवला असता तर खर्चच नव्हता.

तेव्हा झाडण्याचे शास्त्र थोडे सांगतो. आम्ही ते ग्रंथांतून घेतले नाही. पहाटे रस्ते झाडणाऱ्या मंडळींपाशी उभे राहून, त्यांना विचारून घेतले.

प्रथम, झाडण्यापूर्वी पाण्याचा हलका शिडकावा करावा म्हणजे धूळ उठत नाही. अंगणात सडा घालणाऱ्या आजीला हे ठाऊक होते. वारा पाठीवर घ्यावा. तोंडावर वारा घेऊन झाडणारा अर्धी धूळ आपल्याच छातीत भरतो. नाक-तोंड झाकणारे फडके रोज धुतलेले असावे. खराट्याला छातीपर्यंत येईल असा लांब दांडा असावा, म्हणजे कंबर मोडत नाही. केर हाताने न उचलता पत्र्याने, फावड्याने किंवा दाताळ्याने भरावा. पाटी तुडुंब भरून डोक्यावर घेऊ नये. ढकलगाडी असेल तर ती वापरावी. पिशवीचे तोंड धरून ती अंगापासून दूर न्यावी, खाली हात घालून किंवा पायाने दाबून ठासू नये, कारण आत काच की सुई हे बाहेरून दिसत नाही. हातात जाड मोजे, पायात बूट हवेतच. तरीही काही रुतले तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली धुऊन त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात दाखवावे. धनुर्वाताची लस वेळेवर घेतलेली असावी. काम संपल्यावर हातपाय साबणाने धुतल्याशिवाय भाकर, पाणी, तंबाखू काही तोंडी लावू नये. केर पेटवू नये. प्लॅस्टिकचा धूर विषारी असतो. ब्लिचिंग पावडर आणि आम्ल एकत्र टाकू नये; त्यातून निघणारा वायू छाती जाळतो. रस्त्याच्या कडेला झाडताना अंधारात चमकणारे जाकीट घालावे, येणाऱ्या गाड्यांकडे तोंड असावे, आणि होळीच्या सुमारास सैलानीच्या यात्रेसारखे ऊन असेल तेव्हा काम सकाळ-संध्याकाळ वाटून घ्यावे.

आणि सर्वांत मोठी गोष्ट. गटारात किंवा शौचाच्या टाकीत माणूस उतरवू नये. आत जे वायू साठतात त्यांतला एक कुजक्या अंड्यासारखा वास देतो, पण तो फार वाढला की नाकच बधिर होते आणि वास येईनासा होतो. आतल्या माणसाला वाटते वायू गेला. दोन श्वासांत तो पडतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. मैला हाताने उचलण्यास कायद्याने १९९३ सालीच बंदी केली. २०१३ चा कडक कायदा त्याच वर्षी ६ डिसेंबरला अंमलात आला, आणि गटार-टाकीत साधनांवाचून माणूस उतरवणे हाही त्याने गुन्हा ठरवला. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा मृत्यूंसाठी कुटुंबाला दहा लाख रुपये द्यावेत असे सांगितले, आणि २०२३ साली ती रक्कम तीस लाख केली. रक्कम तिप्पट करावी लागली यावरून मृत्यू थांबले नाहीत हे वाचकांनी ओळखावे.

वारकऱ्याने हे सर्व आपल्याशी संबंध नसलेले राजकारण समजू नये. आषाढीत पंढरीला लाखो माणसे जातात. त्यांची शौचाची सोय पुरेशी नव्हती, तेव्हा वाळवंटातला आणि गल्ल्यांतला मैला कोणी उचलला? पिढ्यान्‌पिढ्या एकाच समाजाच्या माणसांनी, हातांनी, टोपल्यांनी. हा प्रश्न २०१४ च्या सुमारास मुंबई उच्च न्यायालयापुढे गेला. २०१५ पासून निर्मल वारीच्या उपक्रमात पालखीच्या मुक्कामांवर फिरती शौचालये उभी राहू लागली. नदीपलीकडे पासष्ट एकराच्या मैदानात वारकऱ्यांची सोय झाली. सुधारणा झाली, ती मान्य केली पाहिजे. पण शौचालय उभे असता त्याच्या आडोशाला बसणारा वारकरी आजही दिसतो. त्याच्या पायाखालची घाण उद्या कोण उचलणार, हे त्याच्या मनात येत नाही. वाटेत तो कोणाच्या पायांना हात लावतो आणि कोणाच्या हातांना घाण लावतो, याचा मेळ त्याने घालून पाहावा.

आमच्या जिल्ह्यातून मुक्ताईची पालखी मलकापूर, मोताळा, बुलढाणा, चिखली करीत जाते. शेगावची पालखी परतताना सिंदखेडराजा, लोणार, मेहकर, खामगाव या वाटेने येते, आणि खामगाव ते शेगाव या शेवटच्या वाटचालीला तर माणसांचा पूर लोटतो. वाटेवर गावोगाव चहा, फराळ, पाणी वाटले जाते. अन्नदान थोर खरेच. पण पालखी पुढे गेली की मागे पेल्या-पत्रावळींचा दुसरा पूर उरतो. श्रीगजाननमहाराज प्रकट झाले ते टाकलेल्या पत्रावळींवरची शिते वेचताना, ही कथा शेगावच्या वाटेवरच्या प्रत्येकाला पाठ आहे. अन्न हे ब्रह्म, ते टाकू नका, असा तिचा बोध. त्या बोधाच्या वाटेवर आपण शिळे अन्न आणि प्लॅस्टिक एकत्र कालवून टाकतो! शेगावच्या मंदिरात ठिकठिकाणचे सेवेकरी पाळीपाळीने येऊन झाडलोट करतात, आणि त्या परिसराची स्वच्छता साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. तो नियम मंदिराच्या दारापर्यंत थांबू नये. तो वाटेवर यावा.

यासाठी प्रत्येक दिंडीने, प्रत्येक सप्ताहाच्या पंचांनी चार गोष्टी ठरवाव्यात अशी आमची विनंती आहे. अन्नदान करणाऱ्याने त्याच जागी ओल्या आणि सुक्या केराचे वेगळे पिंप ठेवावे, आणि काच-धातू तिसऱ्या डब्यात. पंगत उठल्यावर विणेकरी, टाळकरी, चोपदार सर्वांनी आपली जागा स्वतः झाडावी; महाराजांनी आधी झाडावी. जे मजुरीने झाडायला येतात त्यांचे मोजे, बूट, साबण आणि मजुरी यांचा खर्च मंडपाच्या आणि कीर्तनकाराच्या बिदागीच्या आधी काढून ठेवावा; आमच्याही बिदागीच्या आधी. आणि त्यांना पंगतीत आपल्या रांगेत बसवावे.

कोणी म्हणेल, मग हे भजन-कीर्तन मागे पडले, झाडूच पुढे आला. तसे नाही. भगवद्गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना भगवंतांनी शौच हे लक्षण घातले आहे, आणि माऊलींनी त्याचा विस्तार करताना आत-बाहेर दोन्हीकडची शुद्धी सांगितली आहे. ज्याची बाहेरची शुद्धी दुसऱ्याच्या फाटक्या हातावर उभी आहे, त्याच्या आतली शुद्धी कशी मानावी? बाबांनी हा विचार अक्षरावाचून जाणला होता. आपण तर अक्षर शिकलो आहोत, पारायणे केली आहेत, माळ घातली आहे.

येती कार्तिकी, येता सप्ताह, येती पालखी यांत या चरित्राचे अनुसंधान ठेवून वाचकांनी एक तरी खराटा लांब दांड्याचा करून घ्यावा, आणि एक तरी जोड मोजे झाडणाऱ्या मावशींच्या हाती द्यावेत. चोखोबारायांच्या मेहुण्यापासून बाबांच्या ऋणमोचनापर्यंत ही सारी भूमी आपलीच आहे. ती झाडताना कोणाचे रक्त सांडू नये, एवढे मागणे श्रीपांडुरंगचरणी मागून ही वाक्सेवा येथे पूर्ण करतो.

॥ पुंडलीक वरदे हरि विठ्ठल ॥